शोजो मांगातली प्रेमाची कबुली: ३२ पानांच्या कथेत ती कशी बसवायची

शोजो मांगाच्या (मुलींसाठीच्या जपानी चित्रकथांच्या) पहिल्या कथेत कबुलीचा प्रसंग फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: नायिका तोंड उघडते तेव्हा वाचकाला नवीन काहीच कळत नाही. तिचं प्रेम चौथ्या पानावर उघड झालेलं असतं, त्याचं दहाव्या. मग अठ्ठाविसाव्या पानावर फुलं, चमचमते टोन (चित्रावर चिकटवायच्या ठिपक्यांच्या करड्या छटा), अर्धं पान भरून डोळे असं सगळं ओतलं तरी वाचक ढिम्म. चित्र सुधारून हे सुटत नाही, आधीची पानं सुधारावी लागतात.

पेन्सिल हातात घेण्याआधी एका वाक्यात उत्तर लिहा: ती आज का बोलू शकत नाही? ‘लाजते म्हणून’ हे उत्तर बाद. लाज एक तर शेवटपर्यंत तशीच राहते, नाही तर लेखकाला हवी तेव्हा अचानक पळते. दोन्ही पटत नाही. बोलल्यामुळे तिच्या हातचं काहीतरी जाणार असेल, तरच अडसर खरा. एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. जपानी शाळांत वर्गातल्या मुलांवर आळीपाळीने दिवसाची पाळी येते, तिला निच्चोकु म्हणतात. फळा पुसायचा, वर्गाची रोजनिशी भरायची, सुटल्यावर ती शिक्षकांकडे द्यायची. तोनो मिओ (जपानीत आडनाव आधी येतं) आणि सेगावा शेजारी बसतात म्हणून ही पाळी दोघांना एकत्र येते. त्या पंधरा मिनिटांपलीकडे त्यांचं बोलणं नाही. ती बोलली आणि तो नाही म्हणाला, तर ती पंधरा मिनिटंही गेली. नाही बोलली, तर उद्या वर्गात जागा बदलणार आहेत. अडसरही झाला आणि मुदतही.

मुदत जपानी शालेय वर्षातून घ्या, ते एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. १४ फेब्रुवारीला मुलीने चॉकलेट द्यायचं, १४ मार्चला त्याची परतफेड. मार्चमधल्या निरोपसमारंभात मुलाच्या गणवेशाचं वरून दुसरं बटण मागायचं. उन्हाळ्यात युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, घालून आतषबाजी पाहायला जायचं. या तारखांना वजन आयतंच मिळतं. पण वाचकाने त्या शेकडो वेळा पाहिलेल्या असतात, त्यामुळे तारीख दिसताच तो पुढचं ओळखतो. छोटा प्रसंग निवडलात तर हा धोका टळतो.

संबोधनाची शिडीही आधीच ठरवा. आडनावापुढे ‘सान’ किंवा ‘कुन’, मग नुसतं आडनाव, मग नुसतं नाव. ३२ पानांत एकच पायरी चढा, आणि ती कबुलीच्याच पानावर नको. दोन धक्के एकमेकांना खातात. सेगावा सतराव्या पानावर घाईत, फळा पुसता पुसता, ‘तोनो-सान’ऐवजी ‘तोनो’ म्हणून जातो. त्याच्या लक्षात येत नाही, तिच्या येतं. एवढं पुरे.

आता पानांची मांडणी. जपानी पुस्तक उजवीकडे बांधलेलं असतं आणि पहिलं पान डावीकडे येतं. म्हणजे विषम पानं डावी, सम पानं उजवी, आणि पान उलटल्यावर समोर येतं ते सम पान. म्हणून कबुली २८ वर ठेवा आणि श्वास रोखणारी चौकट २७ च्या तळाशी डाव्या कोपऱ्यात. मराठीत डावीकडून उजवीकडे काढत असाल तर बाजू उलटतात, पण उलटल्यावर येतं ते सम पानच, त्यामुळे आकडे बदलायचे नाहीत. (फोनवर एकेक पान सरकवून वाचणाऱ्यासाठी प्रत्येक पान म्हणजे उलटणंच; उभ्या स्क्रोलसाठी मात्र त्या जागी एक पडदाभर कोरी जागा सोडा.) बाकी हिशोब ढोबळ ठेवा: पहिल्या तीन पानांत दोघं आणि रोजनिशी, दहाव्याच्या आसपास जागा बदलण्याची बातमी, बाराव्यावर रहस्याचं बीज, २६ ते २९ कबुली, शेवटची तीन पानं नंतरची.

ते बीज असं: बाराव्या पानावर मिओ रोजनिशीतल्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलने काहीतरी लिहिते आणि खोडरबराने पुसते. काय लिहिलं ते दाखवू नका. वाचक ते विसरला तरी चालेल.

पान २६ वर सहा चौकटी ठेवा, नेहमीची सरळ जाळी. डस्टर, खडूची भुकटी, खिडकीची कडी, रोजनिशीतला हवामानाचा रकाना. मोठ्या प्रसंगाआधीचं पान मुद्दाम कंटाळवाणं असावं. इथेच टोन आणि फुलं सुरू केलीत तर पुढे चढायला जागा उरत नाही.

पान २७ वर चार. पहिल्या चौकटीत सेगावा रोजनिशी उचलतो आणि ती खिडकीच्या उजेडात तिरकी होते. दुसऱ्यात जवळून कागद: खोडलेल्या अक्षरांचे दाबलेले ठसे. हे ठसे शाईने रेषा ओढून काढू नका, ते लिहिल्यासारखेच दिसतात. आधी हलका टोन चिकटवा, मग अक्षरांच्या जागी कटरच्या टोकाने तो खरवडा, म्हणजे कागदाचा पांढरा रंग वर येतो आणि खळगा वाटतो. तिसऱ्यात त्याचा चेहरा नको, कॉलरपासून हनुवटीपर्यंतच. चौथीत, तळाशी, तिचा हात बाकाच्या कडेवर. शब्द नाहीत, आवाज नाही. शांततेसाठी मांगात ‘शीन’ हा आवाज लिहितात, पण तो विनोदाकडे झुकतो, इथे टाळा.

पान २८: एकच चित्र, कागदाच्या कडेपर्यंत वाहणारं. चौकटीची रेघ नसली की तो क्षण लांबतो. मिओ, मागे पुसलेला फळा, बाकी पांढरं. ठशांमधली ओळ ती स्वतःच मोठ्याने म्हणते, ‘उद्या जागा बदलू नयेत’, आणि खाली छोट्या फुग्यात, ‘मला तू आवडतोस, सेगावा-कुन.’ क्रम महत्त्वाचा. बाराव्या पानापासून लपवलेली ओळ आधी, ठरलेलं वाक्य नंतर. जपानी कबुलीत ‘आवडतोस’नंतर बरेचदा ‘माझ्यासोबत राहशील का’ अशी विनंतीही येते. ती गाळली तर उत्तराचा भार त्याच्यावर पडतो, आणि इथे तेच हवंय.

पान २९ वर तीन आडव्या पट्ट्या. तो पेन्सिल घेतो. ठशांवरूनच, त्याच्या अक्षरात, ती ओळ पुन्हा लिहितो. तिसऱ्या पट्टीत फक्त भरलेला रकाना. ‘मलाही’ असं त्याच्या तोंडी घातलंत तर पान वाया गेलं.

अश्रू काढायचे असतील तर दोन टप्प्यांत: एका चौकटीत खालच्या पापणीवर साचलेलं पाणी, पुढच्या चौकटीत एक थेंब. गालावरून धारा काढल्या की नजर डोळ्यांवरून घसरते. डोळ्यातली चमक हा खरा पेच. आशा असताना दोन किंवा तीन पांढरे ठिपके, धक्का बसला की एकही नाही. सगळ्या चौकटींत चमक ठेवलीत, तर ती गेल्याचं कुणाला कळणार? लाजेच्या तिरक्या रेघा तीन ते पाच, गालाच्या हाडावर, नाकाजवळ नाहीत.

मोजमापं. व्यावसायिक कागद बी४, २५७ × ३६४ मिमी; आतली चौकट १८० × २७०, कापल्यावरचा आकार २२० × ३१०. फुगे आणि अक्षरं आतल्या चौकटीतच ठेवा. बी५ मासिकात हे सगळं साधारण ८३ टक्क्यांवर येतं, म्हणून केसांच्या सर्वांत बारीक रेघा कागदावर किंचित जाड ठेवा. एकावर एक टोन लावताना रेषांची संख्या आणि कोन जुळले नाहीत तर मोआरे, म्हणजे लाटांसारखी नको ती जाळी, उमटते. डिजिटल काम असेल तर ६०० डीपीआय, शुद्ध काळं-पांढरं. टोन लावून झाल्यावर पान लहान केलंत तर तीच जाळी परत येते, आकार आधीच ठरवा.

अक्षरांचा प्रश्न मराठीत वेगळाच. जपानी मजकूर उभा चालतो म्हणून तिथले फुगे उंच आणि अरुंद. त्यांचीच नक्कल केली तर देवनागरीत दर ओळीत एकच शब्द मावतो आणि पात्र अडखळत बोलतंय असं वाटतं. फुगे आडवे आणि चौकटी थोड्या रुंद घ्या, ओळींत अंतर जास्त सोडा, नाही तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. फुग्यात आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त नको. मनातलं बोलणं फुग्याविना, चित्रावर मोकळं लिहायची पद्धत १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा यांच्या पिढीने शोजोत पक्की केली. ती वापरा, पण पानावर तीन तुकड्यांपर्यंतच, आणि २७ ते २९ वर अजिबात नाही. तिथे तिचं मन आपण ऐकू लागलो की सेगावाबरोबर थांबण्याची गंमत जाते.

हाच प्रसंग ॲनिमेसारखा हलता करायचा असेल तर पान उलटण्याची जागा शांतता घेते. सेकंदाला २४ फ्रेम धरून बोलण्याआधी ४८ ते ७२ फ्रेम स्थिर ठेवा, आणि संगीत त्या शांततेच्याही आधी थांबवा. दोन्ही एकदम थांबले तर बिघाड वाटतो. ॲनिमे दिग्दर्शक ओसामु देझाकी अशा क्षणी हालचाल गोठवून रंगवलेल्या स्थिरचित्रावर थांबत. ती युक्ती एका भागात एकदाच शोभते.

काही गोष्टी मात्र सरळ वगळा. एका वाक्यात मिटला असता असा गैरसमज पंधरा पानं ताणणं. नेमक्या क्षणी आतषबाजीच्या आवाजात शब्द बुडणं. प्रतिस्पर्धी मुलीला दुष्ट करणं, त्याने नायिका चांगली ठरत नाही, फक्त सोपी होते. आणि नकारानंतरही पाठलाग करणारा मुलगा गोड म्हणून दाखवणं. भिंतीला हात टेकवून अडवण्याचा प्रसंग तिला नको असताना आला तर तो धाक आहे, प्रेम नाही.

३० ते ३२ वर जागा बदललेल्या दाखवा. दोघं वर्गाच्या दोन टोकांना. भेट घडवायची गरज नाही.

शाई लावण्याआधी कच्चा आराखडा, ज्याला जपानी चित्रकार नेमू म्हणतात, एखाद्या वाचकाला द्या, पण सगळे फुगे कोरे ठेवून. त्याला विचारा की प्रेम कोणत्या पानावर कळलं, आणि ते परस्परांचं आहे हे कोणत्या. पहिलं उत्तर दहाच्या आत आलं तरी हरकत नाही. दुसरं २९ च्या आधी आलं, तर सेगावाच्या सगळ्या चौकटी पुन्हा तपासा. बहुधा कुठेतरी तुम्ही त्याला तिच्याकडे चोरून पाहताना काढलंय. ती नजर पुसा आणि त्याला खिडकीबाहेर बघू द्या.