मतपत्रिकेवरचा घरपट्टीवाढीचा प्रस्ताव कसा वाचावा

पुण्यात घरपट्टी वाढली की आपल्याला कळतं ते बिल हातात पडल्यावर. इथे सिएटलला तसं नाही. ठराविक मर्यादेपलीकडे मालमत्ता कर वाढवायचा तर शहराला मतदारांची परवानगी घ्यावी लागते, आणि तो प्रश्न घरी टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर छापलेला असतो. आपली बरीच मंडळी उमेदवारांची नावं बघून खुणा करतात आणि हा भाग कोरा सोडतात. नागरिक झाल्यावर पहिल्या मतपत्रिकेत मीही तो कोराच ठेवला होता, 'लेव्ही लिड लिफ्ट' हे शब्द वाचून. त्याची रुखरुख अजून आहे, कारण समजून घ्यायला एक निवांत संध्याकाळ पुरते.

आधी १ टक्क्याचा नियम समजून घ्या. वॉशिंग्टन राज्यात शहराला मालमत्ता कराची एकूण वसुली वर्षाला फार तर १ टक्क्याने वाढवता येते. नव्या बांधकामांचा कर त्यात धरत नाहीत. २००१ साली मतदारांनीच ही मर्यादा घातली. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने ती पुन्हा लागू केली. डांबर, पगार, विमा यांचे भाव काही १ टक्क्यावर थांबत नाहीत. म्हणून ही मर्यादा ओलांडायची परवानगी शहर मतदारांकडे मागतं. लिड लिफ्ट म्हणजे एवढंच.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ही मर्यादा शहराच्या एकूण वसुलीवर आहे, तुमच्या एकट्याच्या बिलावर नाही. शिवाय घराची किंमत २० टक्के वाढली म्हणून कर २० टक्के वाढतो, असंही नाही. सोसायटीचा मेंटेनन्स आठवा. वर्षाचा खर्च १२ लाख ठरला आणि तो चौरस फुटांवर वाटला. उद्या सगळेच फ्लॅट सारख्या प्रमाणात मोठे झाले, तरी खर्च १२ लाखच आणि प्रत्येकाचा वाटा होता तेवढाच. इथेही आधी रक्कम ठरते, मग ती घरांच्या किमतींवर वाटली जाते. तुमच्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली तरच तुमच्या वाट्याला जास्त येतं.

आता पेन्सिल घेऊन मतपत्रिकेवरचा मजकूर वाचा. स्थानिक प्रस्तावाचं वर्णन कायद्याने ७५ शब्दांत बसवावं लागतं, त्यामुळे त्यात फापटपसारा नसतो. दर, एकूण रक्कम आणि किती वर्षं, या तिन्हींखाली रेघ मारा. मग वाढलेली पातळी पुढच्या वर्षांसाठी पाया म्हणून धरली जाणार की नाही, हे सांगणारं वाक्य शोधा. 'धरली जाणार नाही' असं असेल, तर मुदत संपल्यावर ही वाढ गळून पडते. 'धरली जाईल' असं असेल, तर ती कायमची होते. मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच नजरेतून निसटतं.

सिएटलचा २०२४ च्या नोव्हेंबरमधला वाहतुकीचा प्रस्ताव घ्या. ८ वर्षांत जास्तीत जास्त १५५ कोटी डॉलर, दर १,००० डॉलर मूल्यामागे सुमारे ६५ सेंट. २०१५ च्या, मुदत संपत आलेल्या करआकारणीच्या जागी हा येणार होता. 'जागी' हा शब्द वाचला की वाटतं, जुनंच पुढे चालू. पण जुनी रक्कम होती ९ वर्षांत ९३ कोटी, म्हणजे वर्षाला साधारण १०.३ कोटी. नवी वर्षाला १९.४ कोटी. जवळजवळ दुप्पट. मतदारांनी हा प्रस्ताव मंजूर केला. त्यांच्यापुढे कारणही होतं: वेस्ट सिएटलचा पूल भेगांमुळे मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत बंद होता, आणि देखभाल म्हणजे काय हे पलीकडे राहणाऱ्यांना कुणी समजावायची गरज उरली नव्हती. वाढ योग्य की अयोग्य हे तुम्ही ठरवा, पण वर्षाचा आकडा काढून मगच ठरवा.

मग स्वतःच्या घराचं गणित करा. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकला की आकारणी मूल्य, म्हणजे कर लावायला धरलेली घराची किंमत, दिसतं. तेच घ्या, घरविक्रीच्या ॲपवरची किंमत नको. ८ लाख डॉलरचं घर असेल तर ८०० गुणिले ०.६५, म्हणजे वर्षाला ५२० डॉलर, महिन्याला ४३ च्या आसपास. जुना कर बंद होणार असेल तर तो यातून वजा करा; उरते ती तुमची खरी वाढ.

टपालाने येणाऱ्या मतदार पुस्तिकेत बाजूची आणि विरोधाची निवेदनं शेजारी शेजारी असतात. दोन्ही वाचा, पण पैसे कशावर किती खर्च होणार हे नगर परिषदेच्या मूळ ठरावात बघा.

घरात आईवडील असतील आणि घर त्यांच्या नावावर असेल, तर सवलतीची चौकशी जरूर करा. वयाची ६१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि ठराविक उत्पन्नाच्या आत असलेल्या घरमालकांना करात सूट मिळते, मात्र अर्ज करावा लागतो.

भाड्याने राहणाऱ्या नागरिकांनाही या प्रस्तावावर मत आहे, आणि कर भाड्यातून त्यांच्यापर्यंत पोचतोच. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी वर असलेल्यांना मत नाही, पण घर घेतलं असेल तर बिल मात्र येतं. म्हणून ज्यांना मत आहे त्यांनी तरी हा भाग कोरा सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. अशा प्रस्तावाला साधं बहुमत पुरतं. कर्जरोख्यांसाठी करवाढ मागितली असेल तर ६० टक्के लागतात.

मतपत्रिका निवडणुकीच्या किमान १८ दिवस आधी रवाना होते. ती मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत ड्रॉप बॉक्समध्ये टाकता येते. पाकिटावर सही करा, आणि नोंदणीच्या वेळी केली होती तशीच करा. आमच्या शेजारच्या काकांची नोंदणीतली सही इंग्रजीत होती, पाकिटावर त्यांनी सवयीने मराठीत केली. काउंटीचं पत्र आलं, त्यांनी सोबतचा फॉर्म भरून लगेच परत पाठवला आणि त्यांचं मत मोजलं गेलं.