मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात आणि निर्णय तरी गंडतो, त्याचं काय करायचं

मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलावली, निर्णय झाला, मिनिट्स पण निघाले, आणि बाहेर पडल्या पडल्या लिफ्टमध्ये नाहीतर दुसऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खरी चर्चा सुरू, "हे काय चालायचं नाही, पण बोलणार कोण". हा प्रकार कंपनी, एनजीओ, ट्रस्ट, सरकारी कमिटी, कुठेही बघायला मिळतो. आणि आपण नंतर म्हणतो की त्या लोकांना अक्कल नव्हती. मला ते पटत नाही. अक्कल बहुतेक वेळा असते, माहिती पण असते, फक्त ती ज्याच्या डोक्यात असते त्याच्या डोक्यातच राहते, टेबलावर येत नाही. म्हणून खाली जे काही उपाय लिहिलेत ते सगळे या एकाच गोष्टीचे आहेत, डोक्यातलं टेबलावर कसं आणायचं.

माहिती असूनही निर्णय गंडल्याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे चॅलेंजर, नासाचं अंतराळयान. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी नासा आणि मॉर्टन थायोकोल ही रॉकेट बूस्टर बनवणारी कंपनी यांचा फोनवर कॉन्फरन्स कॉल झाला. कंपनीच्या इंजिनियर लोकांचं म्हणणं स्पष्ट होतं, थंडीत बूस्टरच्या जोडांमधल्या रबरी रिंगा कडक होतात, ५३ फॅरनहाइट म्हणजे साधारण १२ सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर कडाक्याची थंडी असणार होती. नासाच्या लोकांना हे आवडलं नाही. मग कंपनीने आपापसात बोलायला वेळ मागितला, त्यात वरिष्ठ मॅनेजर लोकांनी इंजिनियरना बाजूला ठेवून ठरवलं, एकाने तर इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. परत फोनवर आले आणि म्हणाले उडवा. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदात यान फुटलं, सातही जण गेले.

यात लोक गप्प बसले असं नाहीये हे लक्षात घ्या. ते बोलले होते, तक्ते दाखवले होते. पण त्या रात्री प्रश्नच उलटा झाला. एरवी "हे सुरक्षित आहे हे सिद्ध करा" असा नियम, तिथे "असुरक्षित आहे हे सिद्ध करा" असं झालं, आणि हातात अर्धवट डेटा असताना ते कोणालाच सिद्ध करता येत नाही. तुमच्याकडे पण बघा, नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं असो की नवीन शाखा उघडायची असो, शंका घेणाऱ्याकडूनच पुरावा मागितला जातो, उत्साही माणसाला कोणी विचारत नाही की बाबा तुझा पुरावा कुठाय. म्हणून पहिलं काम, चर्चा सुरू व्हायच्या आधी ठरवा की सिद्ध कोणी करायचंय.

मीटिंगच्या आधी

प्रश्न एका वाक्यात लिहा. "मार्केटिंगबद्दल चर्चा" हा प्रश्न नाही. "पुढच्या तिमाहीत जाहिरातीचं बजेट वाढवायचं का, आणि वाढवायचं तर कुठलं कापून" हा प्रश्न आहे. पर्याय कमीत कमी दोन, आणि "काहीच न करणं" हा तिसरा, कारण एकच पर्याय समोर ठेवला की ती चर्चा नसते, सह्या गोळा करणं असतं.

मग निर्णय कोण घेणार ते लिहा. एक माणूस सगळ्यांचं ऐकून घेणार, की मतदान, की सगळ्यांना चालेल असं काहीतरी? तिन्ही चालतात, पण हे आधी माहीत नसेल तर लोक दोन तास भांडतात आणि शेवटी कळतं की साहेबांनी आधीच ठरवलेलं होतं, मग पुढच्या वेळी कोण कशाला तोंड उघडेल. साहेबांचं ठरलेलं असेल तर सरळ सांगा की ठरलंय, फक्त अंमलबजावणी कशी करायची ते बोलू. खोटी चर्चा ही चर्चा न करण्यापेक्षा वाईट.

माणसं किती? पाच ते आठ ठीक. त्यापेक्षा जास्त असली की अर्धे प्रेक्षक होतात.

आधी लिहा मग बोला

एवढी एकच गोष्ट केली तरी फरक पडतो. सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या आसपास एक साधा प्रयोग केला, कुठली रेघ कुठल्या रेघेएवढी आहे एवढंच सांगायचं, उत्तर डोळ्यांना सरळ दिसत होतं, पण खोलीतले बाकीचे लोक त्यानेच पढवून ठेवलेले आणि ते एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. अशा वेळी खऱ्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या गर्दीच्या मागे गेली. रेघेच्या लांबीबद्दल! बजेट आणि प्रमोशनची गोष्ट तर सोडाच. पण पुढचा भाग जास्त कामाचा आहे, उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं तर हे प्रमाण खूप कमी झालं, आणि खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक साथीदार असला तरी धाडकन खाली आलं.

तर करायचं असं. प्रश्नाची दोन-तीन पानांची नोट बनवा, मीटिंगच्या सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी शांतपणे वाचायची (अॅमेझॉनमध्ये स्लाइड बंद करून हेच करतात, सुरुवातीला विचित्र वाटतं पण "मेल बघितला नाही हो" हे कारण संपतं). मग प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन ओळी, माझं मत काय, कारण काय, आणि मला किती खात्री आहे. ऑनलाइन मीटिंग असेल तर चॅटमध्ये टाईप करून ठेवायचं आणि सांगितल्यावर सगळ्यांनी एकदम एंटर दाबायचं. जिथे पदाचा धाक फार आहे तिथे चिठ्ठ्या बिननावाच्या.

बोलायचा क्रम उलटा ठेवा, सगळ्यात ज्युनियर आधी, बॉस शेवटी. लष्करी कोर्टात कनिष्ठ अधिकाऱ्याचं मत आधी घ्यायची पद्धत आहे ती याचसाठी, कर्नल बोलल्यावर कॅप्टन वेगळं काय बोलणार. बॉसला हे अवघड जातं, पहिल्या पाच मिनिटांत "मला वाटतं की..." तोंडातून निघतंच. निघालं की झालं, पुढचे सगळे तीच री ओढतात.

आणि अजून एक, "सगळ्यांना काय वाटतं" असं विचारू नका, "तुम्हाला यातलं असं काय माहीत आहे जे बाकीच्यांना नसेल" असं विचारा. १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस या दोन संशोधकांनी दाखवलं की ग्रुप जी माहिती सगळ्यांकडे आधीच आहे त्याबद्दलच बोलत बसतो, आणि जी एकाकडेच आहे ती बहुतेक वेळा निघतच नाही, भले उत्तर नेमकं तिथेच असो. सपोर्टवाल्याला कस्टमरच्या तक्रारी माहीत, अकाउंट्सवाल्याला कुठलं पेमेंट अडकलंय ते माहीत, पण विचारल्याशिवाय सांगायचं ते कशाला.

विरोध कसा मागायचा

बरेच लोक सांगतात की एकाला मुद्दाम विरोधी पक्षाचं काम द्या. थोडा उपयोग होतो, पण मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या अभ्यासात दिसलं की नाटकी विरोधापेक्षा खरोखर न पटलेल्या माणसाचा विरोध ग्रुपला जास्त विचार करायला लावतो. नेमून दिलेल्या माणसाचं काय होतं, तो बोलतो, सगळे हसतात, "छान, दुसरी बाजू पण ऐकली" असं समाधान मिळतं आणि गाडी आहे तिथेच जाते.

त्यापेक्षा प्रीमॉर्टेम करा, मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची पद्धत आहे. निर्णय जवळपास झाला की सांगायचं, समजा एक वर्ष झालंय आणि हा प्रोजेक्ट पार फसलाय, का फसला ते प्रत्येकाने पाच मिनिटं लिहा. फसेल का असं विचारलं तर लोक घाबरतात, शंका घेणारा नकारात्मक ठरतो. फसलाच आहे असं धरलं की शंका काढणं हीच हुशारी होते आणि एरवी गप्प बसणारे पण यादी काढतात.

तीच टीम पुढच्या वेळी सुधारू शकते याचं नेहमीचं उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींचं आहे. एप्रिल १९६१ मध्ये क्युबातलं सरकार पाडायला तिथल्या बे ऑफ पिग्ज या किनाऱ्यावर सुमारे १४०० निर्वासित क्युबन लोकांना उतरवलं आणि तीन दिवसांत सगळं कोसळलं. सल्लागार श्लेसिंजर यांना योजना पटली नव्हती, लेखी कळवलं पण होतं, पण मीटिंगमध्ये गप्प राहिले आणि नंतर त्याची त्यांना खंत वाटली. दीड वर्षाने ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात रशियन क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा बरेचसे लोक तेच होते, पण पद्धत बदललेली, केनेडी मुद्दाम काही बैठकांना गेलेच नाहीत, छोटे गट करून वेगवेगळे पर्याय तयार करायला लावले, बाहेरचे जाणकार बोलावले. सुरुवातीला हवाई हल्ल्याकडे कल होता, शेवटी नाविक नाकेबंदी ठरली. अर्थात पद्धत बदलली म्हणूनच संकट टळलं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, समोरची बाजू पण होती.

तुम्ही बॉस नसाल तर

वरचं सगळं वाचून म्हणाल की हे साहेबांनी करायचं, मी काय करू. मीटिंगच्या आधी एक साथीदार शोधा, अॅशच्या प्रयोगातला तो एक माणूस आठवा. विरोध विधानात न करता प्रश्नात करा, "कुठला आकडा दिसला तर आपण हा निर्णय बदलू?" हा प्रश्न कोणालाच टोचत नाही आणि उत्तर नसेल तर सगळ्यांना ते दिसतं. आणि शंका तोंडी ठेवू नका, मीटिंगनंतर दोन ओळींचा मेल टाका, भांडण म्हणून नाही, नोंद म्हणून.

निर्णय झाल्यावर

अर्धं पान लिहून ठेवा. काय ठरलं, का ठरलं, काय होईल असं वाटतंय, कोणाला पटलं नव्हतं आणि का, आणि परत कधी बघायचं. तारीख कॅलेंडरमध्ये टाकाच. परत बघताना निकाल आणि निर्णय वेगळे ठेवा, चांगला निर्णय नशिबाने फसू शकतो आणि घाईत घेतलेला तरून जाऊ शकतो.

तो आढावा मात्र मूळ निर्णय घेणाऱ्याकडे देऊ नका. बॅरी स्टॉ या संशोधकाने १९७६ मध्ये दाखवलं होतं की ज्याने पैसे गुंतवायचं स्वतः ठरवलेलं असतं तोच नुकसान दिसल्यावर त्यात अजून पैसे ओततो. दुसऱ्या टीममधला, त्या प्रोजेक्टशी देणंघेणं नसलेला कोणीतरी घ्या, ती जुनी नोट त्याच्या हातात द्या आणि त्याला एवढंच विचारा की आज नव्याने सुरुवात करायची असती तर हे केलं असतं का.