आर15ची स्ट्रीटफायटर घरच्या घरी, ग्राइंडर न लावता

फेअरिंग, म्हणजे स्पोर्ट बाइकचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच, काढायला अर्धा तास लागतो. हँडल नीट बसवायला दोन रविवार लागतात. पार्किंगमध्ये कव्हरखाली अर्धवट पडून असलेल्या स्ट्रीटफायटर या दुसऱ्या कामापाशीच अडकलेल्या असतात, कारण व्हिडिओत दाखवतात तो पहिला अर्धा तास.

हा प्रकार 1980च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळला. सुझुकी जीएसएक्स-आरसारखी स्पोर्ट बाइक पडली आणि फेअरिंग फुटली, की नवी घेणं परवडायचं नाही. मग लोक फेअरिंग काढूनच टाकायचे आणि क्लिपऑनच्या (फोर्कच्या नळ्यांना धरणारी दोन आखूड, खाली झुकलेली हँडलं) जागी रुंद, उंच हँडल लावायचे. आपल्याकडेही कारण बहुधा तेच असतं. गाडी एका कुशीवर पडली की पॅनेल, स्टे, आरसा, व्हायझर सगळं एकदम जातं.

इथे यामाहा आर15 व्ही3 घेतली आहे. 2018ची व्ही3 आणि 2019ची एमटी-15 एकाच घरातल्या. दोघींचं इंजिन 155 सीसीचं, फ्रेम डेल्टाबॉक्स आणि भारतातल्या दोन्ही मॉडेलना 41 मिमीचे साधे टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दबणाऱ्या नळ्या. म्हणजे कंपनीनेच घडवलेले भाग मिळतात, आणि कापाकापी न करता काम होतं. नियम एकच पाळायचा: पान्याने जे परत पूर्ववत करता येणार नाही, ते करायचं नाही. फ्रेमवर, फोर्कवर किंवा फोर्क धरणाऱ्या टीवर ग्राइंडर चालवायचा नाही.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडी मूळ बनावटीपेक्षा वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. 2019च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सगळं परत बसवता येतं’ हे उत्तर रस्त्यावर चालत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, उत्तर लेखी घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर तेव्हा धावपळ करून काही होत नाही. उतरवलेला एकही मूळ भाग विकू नका.

उघडणं

मागचा पॅडॉक स्टँड लावा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, पॅनेल उतरवा. प्रत्येक पॅनेलचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचाच फरक असतो, आणि लांब बोल्ट चुकीच्या जागी पिळला की आतले आटे जातात. हेडलाईट आणि मीटर ज्या सांगाड्यावर आहेत तो स्टे काढण्याआधी सगळ्या वायरिंगचे चारही बाजूंनी फोटो काढा.

टी आणि हँडल

फोर्कच्या दोन्ही नळ्या वर धरून ठेवणारी पट्टी म्हणजे वरची टी. स्पोर्ट बाइकच्या टीवर रुंद हँडलचे चिमटे बसायला जागाच नसते. सगळ्यात वाईट सल्ला इथेच मिळतो: ‘दोन भोकं पाडा आणि रायझर (हँडल उंच धरणारे ठोकळे) लावा.’ अजिबात करू नका. ही टी ओतीव ॲल्युमिनियमची असते, वरून जाड दिसते, पण उलटी केली की खाली नुसत्या बारीक फासळ्या आणि पोकळी. भोक पाडलं की चिमट्याचा सगळा जोर त्या पातळ पापुद्र्यावर येतो. खड्ड्यात ब्रेक मारताना दोन्ही हातांचा भार नेमका तिथेच पडतो, आणि चीर बोल्टच्या वॉशरखाली पडत असल्याने बाहेरून दिसतही नाही.

एमटी-15ची टी घ्या, पण पहिल्या पिढीची. 2022च्या व्ही2पासून एमटी-15ला उलटे फोर्क आले. त्या टीची भोकं वेगळ्या मापाची, ती इथे चालत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही शहरातल्या स्पेअरच्या बाजारात पैसे देण्याआधी व्हर्निअर काढा आणि आपली जुनी टी शेजारी ठेवून चार मापं जुळवा: फोर्कच्या भोकाचा व्यास, दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, ज्यावर हँडल वळतं त्या मधल्या दांड्याच्या भोकाचा व्यास, आणि फोर्कच्या मध्यरेषेपासून दांड्याचा मध्य किती मागे आहे ते. चौथं माप कुणी घेत नाही, आणि तेच महत्त्वाचं. वरच्या टीचं हे अंतर खालच्या टीपेक्षा एखाद-दोन मिलिमीटरने जरी वेगळं असलं, तरी नळ्या ताणात बसतात आणि फोर्क अडखळत दबतो. जुनी टी घेत असाल तर ती काचेवर पालथी ठेवून डुगडुगते का पाहा. डुगडुगली तर ती पडलेल्या गाडीची आहे. सोडून द्या.

बदलताना खालच्या टीचे बोल्ट सैल करायचे नाहीत. फोर्क वरच्या टीच्या वर किती आला आहे ते आधी मोजून लिहून ठेवा, बसवताना तेच माप ठेवा. चावीचं लॉक टीला जोडलेलं असतं. त्याचे बोल्ट पान्याला पकड न देणारे, गोल डोक्याचे असतील तर ते चोरीविरोधी आहेत. छिन्नीने कडेला हलके टोले देत उलटे फिरवा. नवीन टी बसवताना आधी मधला नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या मापाने आवळा, मग फोर्कचे बोल्ट. उलट क्रमाने केलंत तर टी नळ्यांना धरून अडकते आणि मधल्या नटाचा दाब कोनसेटपर्यंत (हँडल वळवणाऱ्या बेअरिंगपर्यंत) पोचत नाही. पुढचं चाक उचलून हँडल सरळ धरा आणि बोटाने ढकला. ते आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना सहज पडलं पाहिजे, आणि फोर्क पुढे-मागे हलवला तर खटका लागता कामा नये.

हँडल 22 मिमीचं, म्हणजे स्विच आणि लिव्हर तेच राहतात. रुंदी साधारण 740 मिमी ठेवा. आर15चे फूटरेस्ट मागे आणि उंच आहेत. त्यावर फार उंच हँडल लावलं तर गुडघे दुमडलेले आणि पाठ ताठ, अशी अवघडलेली बैठक होते आणि पुढचं चाक हलकं पडतं. चिमट्याच्या वरच्या भागावर ठिपका असेल तर तो समोर यायला हवा. पुढचे बोल्ट आधी आवळा, मग मागचे.

स्विचच्या आत एक छोटी प्लास्टिकची खुंटी असते. ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला ते भोक नसतं म्हणून लोक खुंटी कापून टाकतात. मग एक दिवस रेस देताना स्विचचं अख्खं घर हातासोबत फिरतं. खुंटी मोजा, तेवढ्याच मापाचं भोक पाडा. पण आधी हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून स्विच आणि टाकीच्या मध्ये निदान अंगठा राहतो का पाहा, जागा पक्की करा आणि मगच ड्रिल हातात घ्या.

वळण कमी वाटतं म्हणून खालच्या टीवरचे, हँडलला ठरावीक जागी थांबवणारे अडसर घासू नका. ते घासले की टाकी, होज आणि वायरिंग यांना चिरडण्यापासून अडवणारं काहीच उरत नाही.

वायरी आणि ब्रेकचा होज

खरी डोकेदुखी ही. हँडल वर आणि बाहेर गेलं की जुनी क्लच वायर, रेसची वायर आणि ब्रेकचा होज तिन्ही आखूड पडतात. सरळ उभ्या गाडीत ते कळत नाही. सगळं पोचतं, छान दिसतं, आणि पहिल्या यू-टर्नला हँडल पूर्ण वळताच रेसची वायर ओढली जाते. पाय जमिनीवर टेकवून, कमी वेगात वळताना गाडी आपोआप पुढे झेपावते.

लांबी मोजायला जाड विजेची वायर वापरा. ती मूळ वाटेनेच न्या, फोर्कच्या बाहेरून वळसा देऊ नका. पुढचं चाक हवेत, फोर्क पूर्ण मोकळा, हँडल एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे टोकाला. जिथे ती सगळ्यात जास्त ताणली जाते ते माप धरा. क्लच आणि रेसच्या नव्या वायरीत आवरण आणि आतली तार सारख्याच मापाने लांब हवी. आवरणाबाहेर निघणारी आतली तार जुन्या वायरीइतकीच हवी. दुकानात दोन्ही शेजारी ताणून हे पाहा, नाहीतर ॲडजस्टर पूर्ण बाहेर काढूनही क्लच सुटत नाही. क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 15 मिमी आणि रेसच्या ग्रिपला 3 ते 5 मिमी मोकळा खेळ ठेवा. मग इंजिन चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मीटरवरचा आरपीएम जरासाही चढला तर ते काम झालेलं नाही.

आता होज. एबीएसच्या व्ही3मध्ये पुढचा होज लिव्हरकडून आधी एबीएसच्या युनिटकडे जातो आणि तिथून दुसऱ्या वाटेने खाली कॅलिपरकडे. बदलायचा आहे तो फक्त वरचा तुकडा. मापाप्रमाणे स्टीलच्या जाळीचा होज बनवून घ्या आणि टोकांच्या बँजोचा (बोल्टने बसणाऱ्या गोल कडीचा) कोन जुन्यासारखाच मागा. कोन चुकला की होज पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि काही महिन्यांनी तिथेच झिजतो. लांबी कमी पडली म्हणून जोड लावून वाढवलेला होज कुणी स्वस्तात देऊ केला, तर नको म्हणा.

जुना होज सोडलात की युनिटकडचं उघडं तोंड लगेच रबरी बुचाने बंद करा. खालचं ऑइल गळून युनिटमध्ये हवा शिरली तर घरी ती पूर्ण निघत नाही. सर्व्हिस सेंटरला नेऊन डायग्नोस्टिक मशिनने एबीएसचा पंप चालवून घ्यावा लागतो. प्रत्येक बँजोला नवे दोन तांब्याचे वॉशर, एक वर, एक खाली. जुना वॉशर हातात घेऊन नीट पाहिलात तर त्यावर गोल खाच उमटलेली दिसेल. तो एकदाच दबतो, दुसऱ्यांदा सील करत नाही.

ब्रेकचं ऑइल डॉट 4 प्रतीचं, आणि सीलबंद बाटलीतलंच. उघडी पडलेली बाटली हवेतला ओलावा शोषते. पावसाळ्यात तर विचारूच नका. पेट्रोलच्या टाकीवर ओला कपडा अंथरा, थेंब सांडलाच तर लगेच पाण्याने धुवा. रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

हवा काढताना सगळे थेट कॅलिपरपासून सुरुवात करतात आणि तासभर लिव्हर स्पंजसारखं का लागतं म्हणून वैतागतात. हवा वरच्या नव्या होजमध्ये असते, म्हणून ती वरूनच काढा. मास्टर सिलिंडर (ब्रेक लिव्हरजवळचा, ऑइल दाबणारा भाग) असा फिरवा की बँजो सगळ्यात उंच येईल. लिव्हर पाव इंच हळूहळू दाबत राहा. त्यावरच्या ऑइलच्या छोट्या टाकीत बारीक बुडबुडे येताना दिसतील. ते थांबले की लिव्हर दाबून धरा, बँजो पाव फेरा सैल करून लगेच आवळा, मग लिव्हर सोडा. खाली चिंधी ठेवा. असं तीन-चार वेळा केलं की मगच कॅलिपरच्या निपलवर (हवा काढायच्या स्क्रूवर) या. टाकीतलं ऑइल कधीही तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. शेवटी लिव्हर रबराने आवळून रात्रभर ठेवा. सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा कडक लागतं. तरी ग्रिपला टेकत असेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

दिवा, मीटर, रेडिएटर

हेडलाईट आता हँडलसोबत फिरणार, म्हणून वायरिंगला मानेपाशी एक सैल वळसा हवा. एलईडी युनिटच लावा. 60 वॉटचा हॅलोजन 5 अँपिअर ओढतो, आणि एलईडीसाठी दिलेल्या बारीक तारा त्याने तापतात. मूळ कपलर कापू नका, मध्ये जोडवायर बनवा. जोड डाग देऊन, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून. काळी टेप उन्हात सुटते. कपलरची तोंडं खाली ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. मीटर मूळचंच राहू द्या, 3 मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, रबरी ग्रोमेट घालून. एलईडी इंडिकेटर लावलेत आणि ते घाईघाईने मिचकायला लागले तर फ्लॅशर बदला.

फेअरिंग गेली की रेडिएटर उघडा पडतो. गार्ड लावा, पण बारीक जाळीचा नाही. चिखलाने ती बुजते आणि ट्रॅफिकमध्ये पंखा बंदच होत नाही. पुढचा मडगार्ड आखूड करू नका. मागचा मडगार्ड, नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टर आहेत तिथेच राहू द्या.

पहिली फेरी

आधी रिकाम्या जागी 20च्या वेगात, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. मग 10 किलोमीटर, मग परत येऊन टी, चिमटे आणि बँजोवर पान्याने खात्री. होजवर आणि वायरींवर खडूने रेघा मारून ठेवा. 100 किलोमीटरनंतर जिथली रेघ पुसली गेली असेल तिथे काहीतरी घासतं आहे, तिथला क्लॅम्प सरकवा.