दिवंगत गायकाच्या वारशाविषयी चर्चा कशी करावी : खानदेशातील रसिक मंडळांसाठी

भुसावळ, जळगाव, धुळे या गावांत जुन्या गाण्यांची रसिक मंडळे आहेत, कराओकेचे गट आहेत, आणि त्यांच्या बैठकीत एक वाद हमखास निघतो : अमुक गायक गेला, त्याच्या मागे घरच्यांनी त्याच्या संगीताचे काय केले? कोणी म्हणतो की वारस अप्रकाशित गाणी दाबून बसले आहेत, कोणी म्हणतो की ते नाव विकून खात आहेत, आणि काही जण हे दोन्ही आरोप एकाच दमात करतात. हा वाद घालूच नये असे माझे म्हणणे नाही, कारण ज्याच्या गाण्यावर आपण वाढलो त्याच्या गाण्याचे पुढे काय होते याची चौकशी करणे हे रसिकाचे कामच आहे. मात्र यातला बराचसा राग चुकीच्या पत्त्यावर जातो. गायकाचा वारसा म्हणजे अनेक हक्कांची बेरीज असते, ते हक्क वेगवेगळ्या लोकांच्या हाती असतात, आणि घरच्यांच्या हाती त्यातला वाटा अनेकदा सर्वांत लहान असतो. पुढील सूचना हे ध्यानात घेऊन लिहिल्या आहेत.

आधी हक्कांचा तक्ता मांडा

बैठकीच्या आरंभीच एका कागदावर चार रकाने आखावेत : शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि गायन. भारतीय कायद्यात हे चार हक्क वेगळे आहेत आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या आहेत. गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो, आणि वर्षांची मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते.

उदाहरण आपल्या शेजारचेच घेऊ. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे सव्वाशे किलोमीटरवर खंडवा लागते. ४ ऑगस्ट १९२९ रोजी किशोर कुमार यांचा जन्म तेथे झाला, १३ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कारही तेथेच झाले, आणि त्यामुळे आपल्या भागातील रसिक त्यांना जवळजवळ गाववाला मानतात. त्यांच्या १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’ या चित्रपटातील गाणी तक्त्यात मांडून पाहावीत. ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी बाजारात आली असे धरले तर ध्वनिमुद्रणाचा हक्क २०१८ च्या अखेरीस संपला. संगीतकार सचिन देव बर्मन १९७५ मध्ये गेले, म्हणून चालीवरचा हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत आहे. गीतकार मजरूह सुलतानपुरी २००० मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०६० च्या अखेरपर्यंत आहे. हे हक्क आज संगीतकाराच्या वा गीतकाराच्या घरी असतीलच असेही नाही, कारण त्या काळी चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या चालीचा आणि शब्दांचा पहिला मालक बहुधा निर्माता ठरत असे, आणि १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. निर्मात्याकडून ते हक्क पुढे ध्वनिमुद्रिका कंपनीकडे जात.

आता चौथा रकाना, म्हणजे प्रत्यक्ष गायकाचा. कायद्याने गायकाला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने. ती १९९५ मध्ये अमलात आली, मुदत आरंभी २५ वर्षांची होती आणि १९९९ च्या दुरुस्तीने ती ५० वर्षांची झाली. गाण्याच्या व्यापारी वापरातून गायकाला रॉयल्टीचा वाटा मिळण्याची तरतूद तर २०१२ ची आहे. लता मंगेशकर यांनी साठच्या दशकातच पार्श्वगायकांच्या रॉयल्टीचा प्रश्न धसाला लावला होता आणि त्यावरून मोहम्मद रफी यांच्याशी त्यांचे काही वर्षे बिनसलेही होते. (लताबाईंचे आजोळ शिरपूर तालुक्यातील थाळनेरचे, त्यामुळे ही हकीकत आपल्याकडे जरा जास्तच अभिमानाने सांगितली जाते.) रफी १९८० मध्ये गेले आणि किशोर कुमार १९८७ मध्ये; म्हणजे कायदा येण्याआधीच दोघे गेले. त्यांच्या एखाद्या गाण्याचे बटबटीत रिमिक्स निघाले किंवा ते साबणाच्या जाहिरातीत वाजले, तर त्याची परवानगी बहुधा कंपनीने दिलेली असते, आणि घरच्यांना ती बातमी आपल्यासारखीच बाहेरून कळलेली असण्याचा संभव मोठा असतो. हे न पाहता आपण त्यांच्या मुलाबाळांना लोभी म्हणतो.

कायदा, औचित्य आणि आवड एकत्र कालवू नका

तक्ता झाला की प्रत्येक तक्रारीला तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. हे करण्याचा त्यांना अधिकार होता का? अधिकार असला तरी ते शोभणारे होते का? आणि ते मला आवडले का? चर्चा भरकटते ती तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या आवाजात दिले जाते म्हणून. नव्याने स्वच्छ केलेले ध्वनिमुद्रण कानाला फार चकचकीत वाटते, ही आवडीची बाब आहे. मैफलीची अपुरी फीत पूर्ण मैफल म्हणून विकणे ही औचित्याची बाब आहे आणि प्रसंगी फसवणुकीचीही. प्रत्येक बैठकीत एका सभासदाने वारसांची बाजू मांडावी, आणि ती थट्टेने न मांडता पूर्वतयारीने मांडावी. बैठकीचे टिपण ठेवणाऱ्याने ऐकीव गोष्ट आणि पाहिलेला कागद यांची नोंद वेगवेगळी करावी. गायकाचे विवाह, आजारपण आणि भावाबहिणींतील बेबनाव हे विषय टिपणात येऊच देऊ नयेत.

अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा प्रश्न मात्र या तिन्ही कसोट्यांवर अवघड आहे. अमेरिकेतील गायक प्रिन्स २१ एप्रिल २०१६ रोजी मृत्युपत्र न करता गेला. मिनेसोटातील त्याच्या पेझ्ली पार्क या वास्तूत अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचे मोठे भांडार होते. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांनी कारभार पाहिला, २०१७ मध्ये ते भांडार लॉस एंजेलिसला हलवले गेले, त्यातील काही संगीत क्रमाक्रमाने प्रकाशित झाले, आणि मालमत्तेची वाटणी पूर्ण व्हायला २०२२ साल उजाडले. तेव्हा तिचे मूल्य सुमारे १५ कोटी ६० लाख डॉलर धरले गेले. हे पाहून तेथील रसिकांत सरळ दोन तट पडतात : जे त्याने हयातीत बाहेर काढले नाही ते काढणे ही आगळीक आहे, असे एक तट म्हणतो, आणि त्याने ते जपून ठेवले याचाच अर्थ ते नष्ट व्हावे असे त्याला वाटत नव्हते, असे दुसरा म्हणतो. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, एका अटीवर : प्रकाशित करताना ते अपुरे आहे, केव्हाचे आहे आणि त्यावर नंतर कोणी हात फिरवला आहे, हे वेष्टनावर स्पष्ट छापलेले असावे. रसिकांनी मागायचे ते इतकेच मागावे, कारण इतके मागणे नाकारणे कोणत्याही वारसाला कठीण जाते.

यंत्राने घडवलेला आवाज

दिवंगत गायकाचा आवाज संगणकाकडून नव्या गाण्यात वापरण्याचा वाद आता आपल्या मंडळांतही पोचला आहे. दोन घटना चर्चेच्या पायाशी ठेवाव्यात. २०२४ च्या आरंभी ए. आर. रहमान यांनी एका तमिळ चित्रपटगीतासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले आणि त्यासाठी कुटुंबांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचे सांगितले. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या मुलाने एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना, वडिलांचा आवाज परवानगीशिवाय घडवल्याबद्दल कायदेशीर नोटीस दिली. जिवंत गायकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या प्रकरणात परवानगीशिवाय आवाज घडवण्याविरुद्ध आदेश दिला, परंतु नाव, आवाज अशा व्यक्तिमत्त्वावरील हक्क मृत्यूबरोबर संपतात असे मत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका दिवंगत अभिनेत्याच्या प्रकरणात मांडले आहे. गीतकार आणि संगीतकार यांच्या कृतीची विटंबना थांबवण्याचा अधिकार कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ त्यांच्या वारसांना स्पष्टपणे देते. गायकासाठीच्या कलम ३८ब मध्ये वारसांचा उल्लेख नाही. कायद्याची कुंपणे अशी विरळ असताना वारसांनी नाही म्हटले तर रसिकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, आणि आपल्या स्मृतिसंध्येच्या जाहिरातीत असा बनावट आवाज स्वतःही वापरू नये.

घर आणि स्मारक यांविषयी थोडक्यात. खंडव्यातील किशोर कुमार यांच्या जीर्ण झालेल्या वडिलोपार्जित घराचे स्मारक व्हावे ही मागणी जुनी आहे, पण तो स्थावर मालमत्तेचा आणि वारसाहक्काचा विषय आहे, कॉपीराइटचा त्याच्याशी संबंध नाही. निवेदन द्यायचेच असेल तर ते मध्य प्रदेश शासनाला द्यावे. जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना देऊन काही उपयोग नाही.

आपल्याकडच्या कॅसेटी

मोठ्या नावांवर तावातावाने बोलणारी मंडळे आपल्या तालुक्यातील गायकांबद्दल मात्र गप्प असतात, आणि खरे पाहता आपल्या चर्चेचा उपयोग तेथेच सर्वांत अधिक आहे. अहिराणी गीतांच्या, कानबाईच्या गाण्यांच्या आणि वही गायनाच्या कितीतरी कॅसेटी स्थानिक निर्मात्यांनी काढल्या. गायक गेले, दुकाने बंद झाली, आणि आज तीच गाणी यूट्यूबवर कोणाच्याही नावाने दिसतात.

येथेही तक्ता आधी. कानबाईचे परंपरागत गाणे कोणाच्या मालकीचे नसते, पण त्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण निर्मात्याचे असते, आणि गायकाने स्वतः रचलेले गीत त्याने लेखी दिलेले नसेल तर सामान्यतः त्याच्या वारसांचे असते. गायकाच्या घरी करारपत्र सापडले तर ते नीट वाचून घ्यावे. १० मे १९९५ नंतरच्या करारात हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलेले नसेल, तर कायदा ते पाच वर्षांपुरतेच मानतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. गाव सोडून कामासाठी सुरतेला गेलेल्या एखाद्या मुलाला आपल्या वडिलांच्या गीतांवरचा हक्क आपल्याकडेच परत आलेला आहे, हे सांगणारे अनेकदा कोणीही नसते. मंडळाने हे काम करावे. जळगाव आकाशवाणीवर झालेले ध्वनिमुद्रण मात्र प्रसार भारतीचे, हे त्याच वेळी सांगावे, म्हणजे नसती आशा लागत नाही.

गायकाच्या घरी स्वच्छ हेतूने जावे. कॅसेटी ‘आठवडाभर देता का’ असे म्हणून उचलून आणू नयेत. शक्य असेल तर यंत्र त्यांच्याच ओट्यावर न्यावे, तेथेच प्रत करावी आणि मूळ कॅसेट व एक प्रत त्यांच्या हाती ठेवावी. काम सुरू करण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेवरील दोन छोट्या पट्ट्या तोडाव्यात, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही मुद्रित होत नाही. बुरशी दिसणारी कॅसेट वाजवून पाहू नये, कारण ती फीतही जाते आणि यंत्रही घाण होते. प्रत एमपी३ मध्ये न करता वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावी. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली फीत फार टिकत नाही. कॅसेटी उभ्या, सावलीत, स्पीकरपासून दूर ठेवाव्यात. घरच्यांची लेखी संमती असेल तर एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेने किंवा जळगावच्या विद्यापीठाने ठेवावी म्हणून विचारणा करावी.

वारस म्हणजे अडथळा, असे मानणाऱ्यांनी आसोद्याची आठवण ठेवावी. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एका आप्ताने उतरवून घेतल्या, १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे असते. त्या हिशेबाने १९५२ च्या त्या संग्रहावरचा हक्क २०१२ च्या अखेरीस संपला आणि आज तो सर्वांचा आहे. घरच्यांनी ते टिपले नसते तर खुले व्हायला काही उरलेच नसते.

कार्यक्रम आणि पत्र

हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांसमोर गाणी सादर केली तर कलम ५२ त्याला मुभा देते. तिकीट लावले की शब्द आणि चाल यांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना घ्यावा. दिवंगत गायकाच्या नावाने तिकीट लावायचे, परवाना घ्यायचा नाही आणि मंचावरून त्याच्या कुटुंबाच्या लोभावर बोलायचे, हे मला तरी बसत नाही.

चर्चेअंती पत्र लिहायचे ठरले तर ते तक्त्यात ज्याचे नाव आले त्यालाच लिहावे, म्हणजे कंपनीची बाब कंपनीला आणि घरची बाब घरच्यांना. पत्रात मागणी एकच असावी आणि ती हो किंवा नाही असे उत्तर देता येईल इतकी नेमकी असावी : अमुक ध्वनिमुद्रणावर साथीदारांची नावे छापावीत, किंवा अमुक मैफलीची तारीख दुरुस्त करावी. पुरावा जोडावा, जसे की जुन्या तबकडीच्या लेबलचे छायाचित्र किंवा कार्यक्रमपत्रिका. पुण्यतिथीच्या आठवड्यात पत्र पाठवू नये आणि घरी फोन करू नये. दोन-तीन महिन्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी. त्यानंतरही उत्तर नसेल, तर आपली माहिती आणि पुरावा मंडळाच्या स्मरणिकेत आपल्या नावाने छापावा, त्यात वारसांवर शेरा मारू नये, आणि स्मरणिकेची एक प्रत त्यांना पाठवावी.