म्हैस धुवायची की आपण न्हायचं?

पंचगंगेच्या घाटावर म्हशीला अंघोळ घालताय? स्पॅनिशमध्ये ते 'बान्यार'. मग स्वतःच डुबकी मारलीत की झालं 'बान्यार्से', अंघोळ करणे. शेवटच्या 'से'मुळे काम उलटून आपल्याच अंगावर येतं.

घोळ होतो तो दिशेचा. आपण 'उठणे'चं 'उठवणे' करतो, 'झोपणे'चं 'झोपवणे'. स्पॅनिशचं नेमकं उलटं: 'लेबांतार' म्हणजे उठवणे किंवा उचलणे, आणि शेपूट लावल्यावर 'लेबांतार्से', उठणे. म्हणून वहीत जोडीच लिहा. सुटे शब्द पाठ करून मी आधी चांगलाच फसलोय.

वाक्यात हा 'से' माणसाप्रमाणे बदलून सहसा क्रियापदाच्या आधी बसतो: मे (मी), ते (तू), से (तो/ती), नोस (आम्ही), ओस (तुम्ही), से (ते). 'मे लेबांतो आ लास सेइस', मी सहाला उठतो. 'मे लाबो लास मानोस', मी हात धुतो. इथं 'माझे' वेगळं सांगत नाहीत.

पण 'से' म्हणजे दरवेळी 'स्वतःला' नव्हे. 'इर' जाणे, 'इर्से' निघून जाणे. 'दोर्मिर' झोपणे, 'दोर्मिर्से' झोप लागणे. तांबडा रस्सा नुसता प्यायलात तर 'बेबेर'. अख्खी वाटी पिऊन टाकलीत तर 'बेबेर्से'.