लठ्ठपणावरील औषधाच्या क्लिनिकल ट्रायलसाठी आपण पात्र आहोत का, हे कसे तपासावे

लठ्ठपणावरच्या नव्या औषधाची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवरची चाचणी, कुठेतरी सुरू आहे असे कानावर आले, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसे पहिला प्रश्न विचारतात तो "मला घेतील का?" हाच. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे बहुधा एक गैरसमज असतो. पात्रता म्हणजे नोकरीच्या मुलाखतीसारखी परीक्षा आहे आणि ती कशीही करून पार पाडायची, असे अनेकांना वाटते. खरे पाहता, ज्यांना औषधापासून अपाय होण्याची शक्यता अधिक आहे त्यांना दूर ठेवण्यासाठी आणि औषधाचा परिणाम नीट मोजता यावा यासाठी हे निकष ठरवलेले असतात. त्यामुळे तयारी करायची ती निवड होण्याची नव्हे, तर आपल्या प्रकृतीची खरी माहिती एकत्र करण्याची.

सर्वांत आधी ती ट्रायल अधिकृत आहे का ते पाहावे. नव्या औषधाच्या चाचणीची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया', म्हणजे सीटीआरआय, येथे करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. हे संकेतस्थळ इंग्रजीत असल्याने घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून 'ऑबेसिटी' या शब्दाने शोध घ्यावा. प्रत्येक नोंदीत वयोमर्यादा, समावेशाचे आणि वगळण्याचे निकष, चाचणी कोणत्या शहरांतल्या कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, सहभागींचे हित पाहणाऱ्या नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाली आहे का आणि भरती अजून सुरू आहे का, हे सगळे लिहिलेले असते. नोंदणी क्रमांक सांगायला टाळाटाळ करणाऱ्या किंवा नाव घालण्यासाठी पैसे मागणाऱ्या माणसाशी पुढे एक शब्दही बोलू नये.

त्यानंतर घरीच मोजमाप करावे. सकाळी अनवाणी भिंतीला टेकून उंची मोजावी आणि वजन उपाशीपोटी घ्यावे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा, मिळतो. समजा वडगावातल्या एखाद्या बाईंची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो आहे. १.५८ गुणिले १.५८ म्हणजे साधारण २.५, आणि त्याने ७२ ला भागले की उत्तर येते २८.८. या औषधांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक, अथवा २७ किंवा त्याहून अधिक आणि सोबत उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा झोपेत श्वास अडकणे यांसारखा वजनाशी निगडित एखादा विकार, अशी अट घातलेली होती. म्हणजे या बाईंना नुसत्या वजनावर प्रवेश मिळणार नाही, पण रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिळू शकेल. भारतीयांच्या शरीरात कमी बीएमआयलाही चरबीचा त्रास सुरू होतो, म्हणून आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की तोही धोक्याचा मानतात. तरीही चाचणीत चालतो तो त्या चाचणीचाच आकडा, म्हणून नोंदीतला मजकूर प्रमाण मानावा.

खरे काम यापुढे आहे, आणि ते वगळण्याच्या निकषांचे आहे. मधुमेह असलेल्यांसाठी बहुधा स्वतंत्र चाचण्या असतात. इतर चाचण्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.५ टक्के किंवा अधिक आल्यास नाव वगळले जाते. आठवड्यातून एकदा टोचायच्या सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडसारख्या औषधांच्या चाचण्यांत स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज, स्वतःला किंवा रक्ताच्या नातेवाइकाला झालेला थायरॉईडचा मेड्युलरी (एक दुर्मीळ प्रकारचा) कर्करोग आणि वजन कमी करण्यासाठी झालेली शस्त्रक्रिया यांची चौकशी कसून करतात. गर्भवती, स्तनपान देणाऱ्या किंवा लवकरच मूल हवे असलेल्या स्त्रियांना घेत नाहीत. गेल्या तीन महिन्यांत वजन पाच किलोंहून अधिक कमी-जास्त झाले असेल, तरी अनेक चाचण्या थांबायला सांगतात. म्हणून वजन उतरवण्यासाठी घेतलेली पावडर, काढा किंवा कुणी सुचवलेली गोळी यांचीही नोंद आपल्या यादीत करावी. ते औषध नव्हते, असे मनाशी ठरवून ते लपवू नये.

अशाच एका चाचणीसाठी गेलेल्या माझ्या मावशीने काही लपवले नव्हते. तिला आठवलेच नव्हते. पित्ताशयातल्या खड्यांमुळे काही वर्षांपूर्वी तिला चार दिवस दवाखान्यात ठेवले होते, एवढेच घरात सगळ्यांच्या लक्षात होते. रेशनकार्डाच्या पिशवीतून जुने डिस्चार्ज कार्ड निघाले, तेव्हा त्यावर स्वादुपिंडाला सूज असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. तेव्हा ट्रंक, कपाटे, देव्हाऱ्याखालचा खण, जिथे म्हणून जुने कागद ठेवलेले असतील तिथे ते शोधावेत आणि चालू गोळ्यांची पाकिटे तशीच एका पिशवीत घालून तपासणीला न्यावीत.

येण्याजाण्याचाही विचार आधीच करावा. अशा चाचण्या वर्षभराहून अधिक चालतात आणि ठरलेल्या दिवशी रुग्णालयात हजर राहावे लागते. खानापूरच्या आतल्या गावातून वडापने (शेअर जीपने) बेळगाव गाठणे आणि चिकोडीहून कोल्हापूरला जाणे यांत बराच फरक आहे. प्रवासखर्च मिळतो का, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

आता भाषेविषयी, कारण सीमाभागात हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. मावशी बाजारात कन्नड सहज बोलते, पण तिला ते वाचता येत नाही. तिच्यासमोर कन्नड आणि इंग्रजी संमतीपत्र ठेवले गेले आणि ती मान डोलावत राहिली. बाहेर आल्यावर मी विचारले, तेव्हा कळले की काही जणांना औषधाऐवजी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले इंजेक्शन, मिळते हे तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी लागते. आम्ही मराठी प्रत मागितली आणि ती मिळाल्यावरच पुढे गेलो. आपणही तेच करावे. प्रत घरी नेऊन वाचावी आणि सही केल्यावर स्वतःची प्रत घ्यावी. लिहिता-वाचता येत नसेल, तर निःपक्ष साक्षीदाराच्या समोर माहिती समजावून सांगितली जाते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई कोण देणार, आणि मध्येच बाहेर पडायचे झाल्यास काय करायचे, हे दोन प्रश्न तोंडाने विचारावेत; कागदावर उत्तरे असली तरी विचारावेत. कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला आहे.

संमती दिल्यानंतर स्क्रीनिंग होते, म्हणजे रक्त, लघवी, ईसीजी अशा तपासण्या होतात आणि अंतिम पात्रता तिथेच ठरते. नाव वगळले गेले, तर कारण स्पष्ट विचारावे. स्तनपान, नुकतेच घेतलेले औषध किंवा आवाक्यात नसलेले थायरॉईड अशी कारणे काही महिन्यांत दूर होऊ शकतात. स्वादुपिंडाच्या सुजेसारखे कारण तसे नसते, आणि त्यावर हुज्जत घालू नये. तपासण्यांच्या अहवालांच्या प्रती मात्र आवर्जून मागाव्यात. मावशीला वगळले, पण त्याच अहवालात तिची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसले, आणि तो कागद घेऊन आम्ही त्याच आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो.