घाट उतरणारा ट्रॅकवर कसा फसतो

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या रेसिंग ट्रॅकवर पहिल्यांदा गेलो, तेव्हा गाडी आपल्याला येते याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, सगळे घाट पायाखालचे. ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर, ब्रेकवर लटकू नकोस, ही बाबांची शिकवण. घाटात ती शंभर टक्के खरी. ट्रॅकवर तिनेच माझी वाट लावली.

सरळ पट्टा, माझी जुनी पेट्रोल स्विफ्ट चौथ्यात, १२०. ब्रेकला पाय लावला न लावला तोच हात गिअरवर गेला. चौथ्यातून थेट दुसरा, आणि क्लच धाडकन सोडला. वेग अजून शंभरच्या वर होता. या गाडीचा दुसरा गिअर ८५-९० लाच लाल रेषेला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या मर्यादेला, टेकतो. इंजिन किंचाळलं, पुढची चाकं अडखळली, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी नाकासमोर गवतात.

इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर आहे की, असं म्हणाल. अहो, तो फक्त इंधन तोडतो. इथे चाकंच इंजिनाला फरफटवत असतात, त्यांना कोण तोडणार? व्हॉल्व्ह वाकले तर बिल तुमच्या नावावर. माझे वाचले ते नशिबाने.

वेग उतरवायचं काम ब्रेकचं. खालचा गिअर लागतो तो वळणातून बाहेर पडताना ओढ मिळावी म्हणून, त्यामुळे त्याची घाई नको. आधी पेडल दाबा. लाथ घालू नका, वजन पुढच्या चाकांवर येऊ द्या, मग पूर्ण दाब. बराचसा वेग गेला की तिसरा, मग दुसरा, आणि दर वेळी क्लच सोडण्याआधी, इंजिनाचे फेरे चाकांशी जुळावेत म्हणून, ब्रेकवरच्याच पायाने ॲक्सिलरेटरला टिचकी. यालाच हील-टो म्हणतात. टिचकी मारताना ब्रेकवरचा पाय नकळत ढिला पडतो. सगळ्यांचाच पडतो, मनाला लावून घेऊ नका. मला तो स्थिर ठेवायला तीन ट्रॅक-डे, म्हणजे ट्रॅकवर गाडी पळवायचे तीन दिवस, लागले.

व्हिडिओत पावलांचा नाच बघून हील-टो येत नाही. आणि शेजारी बसून “ब्रेक अजून उशिरा, अजून उशिरा” ओरडणारा गुरू भेटला तर सरळ त्याला खाली उतरवा. माझ्याही शेजारी एक होता.

मला उपयोग झाला तो एका कंटाळवाण्या युक्तीचा: दुपारचं अख्खं सेशन फक्त तिसऱ्यात. हात स्टिअरिंगवर, डोकं ब्रेकवर. लाज वाटली, सगळे पुढे गेले. पण लॅपटाइम सकाळपेक्षा दोनच सेकंदांनी वाढला. म्हणजे सकाळभराच्या गिअरच्या खटाटोपातून मी कमावलं काय, तर दोन सेकंद आणि एक गवताची फेरी.

जाण्याआधी ब्रेक फ्लुइड बदला. जुन्यात पाणी मुरलेलं असतं, ते तापून उकळलं की पेडल लोण्यासारखं खाली जातं. आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करा. तेवढ्यापुरतं बाबांचं ऐकायला हरकत नाही.